तुकारामांची गाथा आणि ‘तुकाराम’ची सीडी

मुंबई सरकारच्या मदतीने तुकारामांची गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली, तेव्हा शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली देहू, तळेगाव, पंढरपूर इथल्या वह्या मिळवून पाठ ताडून पाहिले गेले. कोणता पाठ घ्यायचा याची जबाबदारी संपादकांनी उचलली. याच तुकारामांवरचा ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट १९३६ साली आला, दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, आणि व्हीसीडीच्या काळात दोन तुकड्यांत कापला जाऊन घरोघरी पोचला. अशा पाकिटांवर कलाकारांची नावे असत. चित्रपट कोणत्या प्रिंटवरून उतरवला, कुठले प्रसंग गळाले, हे सहसा नसे. मराठी अभिजात चित्रपटांच्या चांगल्या घरगुती प्रती निघाल्या नाहीत, याचे मूळ माझ्या मते इथे आहे. ही चित्रपटाची आवृत्ती आहे आणि तिला संपादक लागतो, असे त्या धंद्यात जवळपास कोणी मानलेच नाही.

धंदा चालत होता तो हक्कांवर. व्हिडिओ कंपनी हक्क विकत घ्यायची आणि हाताशी येईल ती टेप वापरायची. ही टेप बहुधा थिएटरांतून फिरून झिजलेल्या प्रिंटवरून कधीतरी काढलेली असे. तिच्यावरून कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. माध्यम दर वेळी बदलले, निगेटिव्हपर्यंत मात्र क्वचितच कोणी गेले. व्हीसीडीत चित्राच्या २८८ रेषा मावत, म्हणजे आपल्या टीव्हीच्या ५७६ रेषांच्या निम्म्या. त्यामुळे काय हरवते ते ‘कुंकू’मध्ये (१९३७) नीट समजते. दिग्दर्शक शांतारामबापूंनी तिथे पार्श्वसंगीत वगळून घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांवर प्रसंग तोलले आहेत. खरखर घालवण्यासाठी आवाज सरसकट घासला की हे बारीक आवाजही तिच्याबरोबर जातात. अंधाऱ्या खोलीतल्या सावल्यांचे चौकोनी ठिपके होतात आणि शांता आपटेंच्या चेहऱ्यावरची धुमसती चीड पुसट होते. मग नवा प्रेक्षक म्हणतो, जुने सिनेमे संथ असतात. त्याने सिनेमा पाहिलेलाच नसतो.

यावर पहिले उत्तर मिळते ते गिऱ्हाईक नसल्याचे. हे मला पटत नाही. पु. लं.च्या कथाकथनाच्या कॅसेटी ज्या घरांनी जपून ठेवल्या, प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून ज्यांनी ग्रंथांचे जाडजूड संच महिनोन्‌महिने वाट पाहून घेतले, ती घरे ‘माणूस’ किंवा ‘शेजारी’च्या स्वच्छ प्रतीला नाही म्हणाली असती, असे कोणी आजमावून पाहिले होते? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मूळ मालच उरलेला नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि ‘प्रभात’चे मौल्यवान मूळ साहित्य त्यात गेले. ही हानी भरून न येणारी आहे. पण व्हिडिओचा धंदा सुरू होऊन तोवर दोन दशके झाली होती, आणि १९६४ पासून चित्रपट संग्रहालय त्याच शहरात होते. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची निगेटिव्हे १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत होरपळली. तरी वाचलेले तुकडे आणि ठिकठिकाणच्या प्रती जुळवून २०१५ मध्ये ती उभी केली गेली आणि त्याच वर्षी डिस्कवरही आली. पंडितांच्या हातीही तुकोबांची सगळी मूळ वही कुठे होती?

आता सगळे यूट्यूबवर फुकट आहे, असेही म्हणतात. तिथे पुष्कळदा तीच जुनी टेप असते, वर एखाद्या वाहिनीचा शिक्का. २०२२ मध्ये केंद्राने २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले, ही मोठी गोष्ट आहे. पण महोत्सवात एकदा दाखवून डबाबंद झालेली प्रत सांगलीच्या किंवा परभणीच्या प्रेक्षकाच्या काय कामाची? ‘संत तुकाराम’च्या स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे परवानगीची सबबही उरत नाही. दुरुस्त झालेला प्रत्येक चित्रपट ठरलेल्या मुदतीत विक्रीला यावा, ग्रंथालयांना मिळावा, आणि सोबत चार पानी टिपण असावे: कोणती प्रत वापरली, ती कुठे सापडली, किती मिनिटे कमी आहेत, आवाज कुठून घेतला.