अडीच घरांपलीकडचा घोडा

बुद्धिबळाच्या पटावर घोड्याला अडीच घरांची चाल मिळाली, परंतु त्याबरोबरच त्याचें जगणें-मरणें रणांगणाशीं कायमचें बांधलें गेलें. हत्ती, घोडे, रथ व पायदळ या चार अंगांवरून ज्या चतुरंगाचें नांव पडलें, त्यांत घोड्यानें मारावें किंवा मरावें. तिसरी गोष्ट त्याला ठाऊक नाहीं. आपल्या भाषेंतलें घोडें मात्र इतकें एकसुरी नाहीं. तें ऐन वेळीं पेंड खात उभें राहतें, वरातीमागून पोंचतें, आणि एकदांचें गंगेंत न्हातें. या तिन्ही वाक्प्रचारांत तलवार कोठेंहि नाहीं. आहे ती अडचण, उशीर आणि कार्यसिद्धि. घोड्यांच्या खेळांतून लढाई काढून घेतली तर मग उरतें काय, असें विचारणाऱ्यास आमचें पहिलें उत्तर हें कीं, मराठी भाषेला जेवढें उमगलें तेवढें तरी खास उरतें.

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. इंग्लंडांतील रिव्हर हॉर्स या कंपनीनें २०१७ सालीं 'टेल्स ऑफ इक्वेस्ट्रिया' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. 'माय लिटल पोनी' या खेळण्यांच्या व चित्रमालिकेच्या जगांत तो घडतो. टेबलाभोंवतीं चारपांच मुलें बसतात. प्रत्येक जण एक बोलकें तट्टू होतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. 'माझें तट्टू असें करतें' असें खेळगडी म्हणतात, आणि जेथें यशाची खात्री नाहीं तेथें फासे टाकतात. शरीर, बुद्धि आणि मोहिनी हे तट्टाचे तीन गुण; त्याशिवाय मैत्रीच्या सोंगट्या गांठीला असतात, त्या खर्चून बिघडलेला डाव सावरतां येतो. अंगांतला दम संपला तरी तट्टू मरत नाहीं. येथवर सर्व ठीक. परंतु मरण काढून घेतल्यावर खेळगड्यांच्या जिवाला घोर कशाचा लावावयाचा? नेमकें येथेंच सूत्रधाराचें घोडें पेंड खातें.

या जातीच्या खेळांची वंशावळ पाहिली म्हणजे लढाई त्यांची पाठ सहजासहजीं कां सोडीत नाहीं तें कळतें. प्रशियाच्या तोफखान्यांतील अधिकारी राइसविट्झ यानें १८२४ सालीं लष्करी शिक्षणासाठीं युद्धखेळाचे नियम छापले. त्यांत दोन पक्षांच्या मध्यें निवाडा करणारा पंच होता. आजचा सूत्रधार त्याचाच वंशज. पुढें १९६९ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत डेव्हिड वेस्ली यानें नेपोलियनच्या काळांतलें ब्राउनस्टाइन नांवाचें एक काल्पनिक जर्मन गांव मांडलें. फौजा येण्यापूर्वीं गांवांत काय चालतें तें दिसावें म्हणून त्यानें कोणास नगराध्यक्ष केलें, कोणास पेढीवाला, कोणास विद्यापीठाचा कुलगुरु. खेळगडी कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन मसलती करूं लागले आणि लढाई बाजूलाच राहिली. खेळ फसला असें वेस्लीला वाटलें. खेळणारे मात्र पुन्हां तसाच डाव मागूं लागले. त्यांतलाच एक डेव्ह आर्नेसन. त्यानें व गॅरी गायगॅक्सनें मिळून १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा प्रसिद्ध खेळ काढला. म्हणजे भूमिकेच्या खेळाचें बीज रुजलें तें लढाई लांबली म्हणून.

मग तें बीज पुन्हां रणांगणांतच कां वाढलें? १९७४ च्या नियमांत भेटलेला प्राणी वैर धरील कीं स्नेह, हें पाहण्यास दोन फाशांचें एक कोष्टक होतें, आणि धन सुखरूप बाहेर आणणाऱ्यालाहि भरपूर श्रेय होतें. परंतु बोलण्याला एक कोष्टक आणि मारण्याला पानेंच्या पानें! ज्या अंगाला नियम अधिक, त्या अंगाकडे खेळ झुकतो. १९७६ च्या 'बनीज अँड बरोज' या खेळांत खेळगडी ससे झाले, तेव्हां कोठें दुबळ्यानें युक्तीनें कसें जगावें याला महत्त्व आलें.

कोणी म्हणेल कीं, लढाईवांचूनचा खेळ आपल्याकडे पूर्वींपासूनच आहे. खरें, मोक्षपट हा तसाच. परंपरा त्याचें जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्यांत शिड्या पुण्याच्या, साप पापाचे, आणि कोणी कोणाचा शत्रु नाहीं. परंतु तेथें खेळणाऱ्याला निवडावयाचें कांहींच नसतें. फांसा नेईल तेथें जावयाचें. चतुरंगांत निवड आहे पण तिचें फळ मारणें; मोक्षपटांत मारणें नाहीं, पण निवडहि नाहीं. आम्हांस हवा तो प्रसंग या दोहोंच्या मधला.

त्याची सामग्री शोधावयास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. जळगांव-भुसावळ रस्त्यावरचें नशिराबादच घ्या. काचेच्या बांगड्यांसाठीं एके काळीं या गांवाचें नांव होतें. इंग्रजी अंमलापूर्वीं सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्लांचे छापे त्यानें अनेकदां सोसले. होळकरी फौजांची धामधूम आणि १८०३ चा दुष्काळ यांनीं सारा खानदेश उजाड केला होता. हे भिल्ल मूळचे लुटारू नव्हेत. गांवची राखण आणि घाटांची चौकी हीं त्यांचीं कामें, व त्याबद्दल ठरीव हक्क. अंदाधुंदींत ते हक्क बुडाले, तेव्हां हातांत धनुष्य उरलें. १८१८ नंतर इंग्रजांनीं प्रथम त्यांच्यावर फौजा घातल्या, पण डोंगर शांत होईना. १८२५ सालीं औट्रमवर भिल्ल पलटण उभारण्याचें काम आलें. आधीं छापा घालून, मग त्यांच्यांत राहून, त्यांच्याबरोबर शिकार खेळून त्यानें ती उभी केली, आणि धरणगांवीं तिचें ठाणें पडलें. ही केवळ भूतदया नव्हती. राज्य राखण्याचा तो धोरणी मार्ग होता. बोलणें म्हणजे निर्दोषपणा नव्हे, त्यालाहि मोल द्यावें लागतें, हें त्यावरून शिकावें.

आतां या भूमीवर एक डाव मांडूं. काळ त्या दुष्काळानंतरचा. अजिंठ्याच्या घाटापलीकडे एका गांवीं लग्न आहे, आणि नवरीचा हिरवा चुडा नशिराबादेहून जावयाचा आहे. चार तट्टांच्या पाठीवर बांगड्यांचीं ओझीं. येथें सूत्रधाराचें निम्में काम झालें; कारण ज्याच्या पाठीवर काच आहे तो लाथ झाडीत नाहीं. लढाई करूं नका असें मुलांना सांगावें लागत नाहीं, ओझेंच तें सांगतें.

पहिला मुक्काम एका विहिरीवर. गांवकरी पाणी देईनात. कारण मोटेचे बैल दुष्काळांत गेले आणि पाणी हातांनीं शेंदावें लागतें. तट्टांनीं स्वतः मोट ओढली तर सर्वांना पाणी मिळेल, पण दिवस जाईल आणि लग्नघटका जवळ येईल. न ओढतां पुढें जावें तर तहानेनें घाट चढवणार नाहीं. दोन्ही वाटा खऱ्या, दोहोंचेंहि मोल खरें. पुढें घाटाच्या तोंडीं भिल्ल नाईक उभा. तो दुष्ट नाहीं. त्याचा चौकीचा हक्क तो मागतो आहे. त्याला कांहीं बांगड्या द्याव्या, त्याची फिर्याद कचेरींत पोंचविण्याचें वचन द्यावें, कीं रात्रीं आडवाटेनें सुटावें? वचन दिलें तर तें पुढच्या डावांत पाळावें लागेल. फासे उलटे पडले तरी 'खेळ संपला' असें म्हणूं नये. एक ओझें तारण राहील, वाट लांबेल, आणि तट्टें खरोखरच वरातीमागून पोंचतील. मग बिनचुड्याच्या नवरीच्या आईपुढें काय बोलावयाचें, हा नवा प्रसंग आपोआप उभा राहतो.

यावर असा आक्षेप येईल कीं, मराठ्यांच्या इतिहासांतून लढाई वगळणें म्हणजे त्याचें तेज घालवणें. आम्हांस तसें वाटत नाहीं. भीमथडीच्या तट्टांना कीर्ति मिळाली ती घोडदळांत, हें खरें. परंतु मोहिमेंतल्या घोड्याचाहि बहुतेक काळ मजल मारण्यांत, चंदी-वैरणीच्या काळजींत आणि नदीचा उतार शोधण्यांत जाई. त्याच जातीचीं तट्टें मेंढरांमागून फिरणाऱ्या धनगराचा संसार पाठीवर वाहत आलीं. बखरींनीं लढाईचा दिवस नोंदला, बाकीचे दिवस सोडून दिले. त्या सोडलेल्या दिवसांत माणसें कशीं वागलीं हें मुलांना कळण्याचें साधन फार थोडें आहे. टेबलाभोंवतीं बसून, विहिरीवरच्या गांवकऱ्याचें आणि घाटावरच्या नाईकाचें म्हणणें ऐकून घेऊन, मग फासे हातीं घेणारें मूल त्यांतलें थोडेंबहुत जाणतें. सूत्रधारानें एवढेंच पाहावें कीं, समोरच्याची मागणी खरी असावी आणि पाठीवरचें ओझें फुटण्यासारखें असावें.