मोरिसमधली मॉरिस मायनर

आपल्या लोकांचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आधी जहाजावर जाते. १८३४ साली 'अ‍ॅटलास' जहाजातून पोर्ट लुईला उतरलेले छत्तीस मजूर, अप्रवासी घाटाच्या पायऱ्या, मुंबई बंदरातून निघालेले कोकणातले आणि घाटावरचे आपले पूर्वज. ते सारे लिहायलाच हवे, आणि या स्मरणिकेत इतरांनी ते आमच्याहून चांगले लिहिले असेल. आम्ही लिहिणार आहोत ते उतरल्यानंतरच्या प्रवासाविषयी. या बेटावर आपली माणसे हिंडली-फिरली कशी, आणि एक दिवस त्यांच्या दारात मोटार उभी राहिली ती कोणत्या वाटेने आली, याविषयी. काहींना हा विषय हौशी वाटेल. आम्ही हौशीच आहोत, जुन्या गाड्यांच्या नादी लागलेले. पण विषय केवळ हौसेचा नाही.

पहिली गोष्ट अशी की आपल्या पणजोबांना हिंडण्याची मोकळीक नव्हती. पाच वर्षांचा करार संपलेल्या माणसालाही १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर पोलिसांचा परवाना लागे. वाटेत हटकल्यावर कागद दाखवता आला नाही, तर माणूस भटक्या ठरून कोठडीत जाई. बाजूच्या गावातल्या भावाला भेटायला गेलेला मजूर गुन्हेगार होऊन परत येई. आदोल्फ द प्लेव्हित्झ यांनी १८७१ मध्ये नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गव्हर्नरांपुढे ठेवला, त्यातली एक मोठी तक्रार हीच होती. पुढच्या वर्षी शाही चौकशी आयोग आला आणि मग हळूहळू जाच कमी झाला.

ती छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात आजही आहेत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव आणि समोर रोखून पाहणारा चेहरा. त्याच घरातल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या माणसाने पुन्हा एकदा फोटो काढून सरकारी कागदावर चिकटवला, तो वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी. दोन्ही कागद खिशात मावणारे, दोन्ही पोलिसांनी मागितल्यावर दाखवायचे. एकाने घराची वेस आखली, दुसऱ्याने ती पुसली. आमच्या माहितीतल्या कित्येक घरांत आजोबांचा परवाना देव्हाऱ्याखालच्या पेटीत, जमिनीच्या कागदांसोबत ठेवलेला असे. आता त्याचे कारण कळते.

मधल्या काळात बैलगाडी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरकोठ्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, तेव्हा पै-पै साठवलेल्या आपल्या लोकांनी ते घेतले. ऊस काट्यावर न्यायला बैल आले. आगगाडी १८६४ पासून होती, पण १९५६ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि १९६४ मध्ये मालगाड्याही. रूळ उखडले गेले. रस्त्यावर उरल्या बस, उसाच्या लॉऱ्या आणि मोटारी. उसाच्या लॉरीवर खरे तर वेगळा लेख हवा. कापणीच्या हंगामात ती दिवसभर ऊस ओढी, आणि गणेशचतुर्थी नेमकी त्याच हंगामात येत असल्याने विसर्जनाच्या आदल्या रात्री पोरे तिला धुऊन-पुसून, केळीचे खांब बांधून तयार करीत. चाकांच्या खाचांत पाचट तरी राहायचेच.

मोटारीला क्रिओलमध्ये 'लोटो' म्हणतात, आणि आपल्या घरातल्या मराठीनेही तोच शब्द उचलला. थंडीच्या सकाळी कुरपिपच्या धुक्यात गाडी सुरू होईना, की आतून आरोळी येई, "लोटा रे!" लोटो लोटायची, हा विनोद आमच्या लहानपणी प्रत्येक घराने आपणच शोधला होता.

या लोटोंमध्ये आमच्या मनात पहिली जागा मॉरिस मायनरची. देशाचे क्रिओल नाव 'मोरिस', गाडीचे 'मॉरिस'. पोरांना वाटे ती इथेच बनते. ती बनत होती इंग्लंडात. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी महायुद्धाच्या काळात तिचा आराखडा आखला आणि १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. कारखान्याचे मालक लॉर्ड नफील्ड यांना ती मुळीच आवडली नव्हती; 'पोच्ड' अंड्यासारखी दिसते, असे ते म्हणाल्याचे सांगतात. तयार होत आलेली गाडी अरुंद दिसते म्हणून इसिगोनिस यांनी ती मधोमध कापली आणि चार इंच रुंद केली. बॉनेटच्या मध्यावर जो सपाट पट्टा दिसतो तो त्या कापण्याची खूण. १९६० अखेर दहा लाख गाड्या पुऱ्या झाल्या. तोवर कुठल्याही ब्रिटिश गाडीला हे जमले नव्हते. उत्पादन थांबेपर्यंत आकडा सोळा लाखांवर गेला.

आमच्यापैकी ज्यांनी ती चालवली त्यांच्या कानात आधी तिचा आवाज आहे. किल्ली फिरवली की पेट्रोलचा विजेवरचा पंप टिक-टिक-टिक करी, पेट्रोल भरले की थांबे. पंप मुका राहिला तर बॉनेट उघडून त्याला पान्ह्याच्या दांड्याने हलकेच टोला द्यायचा. सेल्फ दगा देई तेव्हा समोरून हँडल मारायचे. वळताना दाराजवळच्या खांबातून नारिंगी हात बाहेर येई. अडकला तर मागे बसलेल्याने खांबावर बुक्की मारायची, आणि हे काम मिळावे म्हणून भावंडांत भांडणे होत. ब्रेकचा मुख्य सिलिंडर चालकाच्या पायाखाली, सतरंजी आणि पत्र्याच्या झाकणाखाली होता. शामारेलचा उतार उतरताना चारही चाकांचे ड्रम तापून वास सुटे, आणि आई मागे बसून स्तोत्र म्हणू लागे.

तिचा एक दोष मात्र कौतुकात लपवू नये. पुढच्या चाकांच्या आट्यांच्या सांध्यांना नेमाने ग्रीस लागते. ते चुकवले की आटे झिजतात आणि एके दिवशी चाक आडवे पडते, गाडी नाक घासत थांबते. दुसरा शत्रू समुद्राचा वारा. तामारेंकडच्या गाड्यांचे पत्रे वाकवाच्या गाड्यांच्या आधी सडत. वरून रंग चकचकीत आणि खाली मागच्या पाट्यांच्या कमानी जिथे अडकवतात ती जागा भुसभुशीत, अशा कितीतरी गाड्या विकल्या-घेतल्या गेल्या. घेणाऱ्याने आधी गुडघे टेकून खाली पाहावे, हा शहाणपणा आपल्या गॅरेजवाल्यांचा. त्यांपैकी बहुतेकांनी काम शिकले ते साखर कारखान्याच्या वर्कशॉपात. सुटा भाग इंग्लंडहून यायला महिने लागत, म्हणून त्यांनी तो लेथवर घडवला. बेटावर या गाड्या इतकी वर्षे फिरल्या त्याचे श्रेय आम्ही कारखान्यापेक्षा या माणसांना देतो.

पूर्वजांचे गाव शोधायला जे मुंबईमार्गे कोकणात गेले त्यांना तिथेही ओळखीचे चेहरे भेटले. अ‍ॅम्बॅसॅडर ही तर मॉरिस ऑक्सफर्डचीच लेक. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटवरून घडलेली प्रीमियर पद्मिनी काळी-पिवळी होऊन शहरभर धावत होती. तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. आपल्याकडच्या मायनर त्याच्या कितीतरी आधी गेल्या, जपानी गाड्या आल्या तशा. कुणी निरोप दिला नाही. काही कोंबड्यांची खुराडी झाल्या, बऱ्याच भंगारात गेल्या.

त्या जिथे उरल्या आहेत ती जागा म्हणजे आपले अल्बम. आणि इथे आम्हा हौशी मंडळींचा इतिहासाला थोडा उपयोग आहे. आपल्या घरांतल्या जुन्या फोटोंवर तारखा नाहीत. लग्न कुणाचे, साल कोणते, सांगणारे राहिले नाहीत. पण मागे मायनर उभी असेल तर ती बोलते. दिवे खाली जाळीत असतील तर गाडी पहिल्या वर्षांतली. समोरची काच दोन तुकड्यांची असेल तर १९५६ च्या आधीची, सलग वाकलेली असेल तर त्यानंतरची. खांबातला नारिंगी हात जाऊन लुकलुकणारे दिवे आले ते १९६१ मध्ये.

एक सावधगिरी बाळगावी लागते. आपल्या लोकांनी गाड्या बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतल्या. म्हणून गाडी इतकेच सांगते की फोटो अमुक सालाच्या आधीचा नाही. किती नंतरचा, ते साड्यांच्या काठांवरून आणि मुलांच्या उंचीवरून ताडावे लागते. आणि बॉनेटवर कोपर टेकून ऐटीत उभा असलेला माणूस मालक असेलच असे नाही. लग्नासाठी आणलेल्या टॅक्सीला टेकून वऱ्हाडातल्या प्रत्येक तरुणाने फोटो काढून घेतलेला आहे. खरा चालक बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर असतो; कधी त्याची सावली तेवढी दारावर पडलेली दिसते.