लिस्बन जवळ, बांदा लांब

मोपाच्या पठारावरून विमान वर जाताना दिसलं की मला पत्रादेवीचा नाका आठवतो. दोन्ही ठिकाणं आमच्या पेडणे तालुक्यातली, एकमेकांपासून काही किलोमीटरवर. गोव्यातून कुठे जायला किती वेळ लागेल, हे एकेकाळी अशा नाक्यांवर ठरत असे.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर गोवा ते लिस्बन सुमारे 8,300 किलोमीटर भरतं. मुंबई हवाईमार्गे सव्वाचारशेच्या आसपास. पत्रादेवीहून बांदा तर चालत जाण्यासारखं. आता 1955 साल घ्या. 15 ऑगस्टला सत्याग्रही सीमेवरून आत शिरले. पत्रादेवीला पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यानंतर भारत सरकारने नाकेबंदी आवळली. कॅसलरॉकची रेल्वे बंद, मुंबईची बोट बंद, परवान्याशिवाय सीमा ओलांडायची सोय नाही. पेडणे-डिचोलीतल्या कितीतरी घरांतली माणसं नोकरीधंद्यासाठी मुंबईत, सोयरीक सावंतवाडी-दोडामार्गाकडची. अशी घरं मधोमध तुटली.

पोर्तुगिजांनी तोड काढली ती आकाशातून. त्याच 1955मध्ये ‘ताइप’ ही विमानसेवा सुरू झाली. दाबोळीच्या विमानतळाला गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचं नाव दिलं, दमण आणि दीवलाही विमानतळ झाले. भारतीय हद्द टाळून विमान समुद्रावरून कराचीला जाई. पुढे ही सेवा लिस्बनपर्यंत पोचली.

ताइपकडे चार पंख्यांची डीसी-4 विमानं होती. ताशी साधारण 350 किलोमीटर वेग धरून मी हिशेब मांडला. कराची साडेतीन-चार तास. लिस्बन सरळ रेघेनेच जवळजवळ चोवीस तास, वळसे आणि थांबे वेगळे. म्हणजे तिकिटाचे पैसे असलेला माणूस दोन-तीन दिवसांत लिस्बन गाठू शके. पेडण्यातल्या बापाला मात्र बांद्याच्या लेकीकडे जायचं तर आधी परवान्याची वाट बघायची!

डिचोलीची गत तर आणखी अजब. तिथल्या खाणींचं लोहखनिज बार्जमधून मांडवीने मुरगावला आणि तिथून बोटीने जपानला जात होतं. माती जपानला पोचली, माणूस दोडामार्गाला अडला.

18 डिसेंबर 1961ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तिथे अडकलेली दोन विमानं, एक ताइपचं आणि एक पोर्तुगालच्या टाप कंपनीचं, रात्री घाईघाईने डागडुजी केलेल्या धावपट्टीवरून उडाली आणि कराचीला निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. बांदा पुन्हा जवळ आलं.

मोपाहून प्रवासी विमानं 5 जानेवारी 2023पासून सुटू लागली. आजचं जेट न थांबता गेलं तर लिस्बन दहा तासांच्या आत-बाहेर. पण तेव्हाचा प्रवास नुसत्या किलोमीटरांवरून कळायचा नाही. त्या सहा वर्षांत सीमा ओलांडलेली माणसं अजून काही घरांत आहेत. त्यांना विचारा, कसे गेलात, किती दिवस लागले. आणि जुन्या पेटीत एखादा परवाना सापडला तर रद्दीत टाकू नका. आपल्या तालुक्याचं खरं अंतर त्या कागदावर लिहिलेलं आहे.