पन्नास सालापूर्वीचा कागद

अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना शाळेचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. महाविद्यालयाच्या शुल्काचा प्रश्न मात्र त्या निकालाने सुटला नाही. आम्हांला तोच प्रश्न खालापूर तालुक्यातील चौकच्या परिसरात दिसतो. येथला विद्यार्थी परका नाही, इथलाच जुना रहिवासी आहे, एवढाच फरक.

कातकऱ्याच्या नावातच कात आहे. १८७८च्या वनकायद्याने खैराच्या जंगलावर बंधने आली. पुढे कोळसाभट्टी आणि वीटभट्टी नशिबी आली. भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद अनेकदा कुठल्याच गावी होत नाही. आदिवासींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला जमातीचा दाखला हवा, आणि दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा. बोगस दाखले रोखण्याचा हेतू रास्तच. पण ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाही, त्याने शाळेचा कोणता उतारा आणावा?

मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कागदाचे मोल पुन्हा अधोरेखित केले. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. माणसे गेली, तेथे कागदांचा शोक कोण करणार? तरी मागे उरलेल्यांच्या मुलांना प्रवेशअर्जापाशी तोच कागद लागतो.

आपण इतिहासाचे अभ्यासक लिखित पुराव्याला फार मानतो. ज्यांच्याविषयी कोणी लिहूनच ठेवले नाही, त्यांच्याकडे लेख मागणे म्हणजे लिहिणाऱ्यांचा दोष त्यांच्या माथी मारणे होय.