काचेतला समुद्र आणि एक जिवंत दगड

आजचा भाग एका दगडाबद्दल आहे. हो, दगडच.

रीफ टँकचे रील्स तुम्ही पाहिले असतील. निळा लाईट, डोलणारी समुद्रफुलं, त्यात लपणारे नारिंगी क्लाउनफिश. बघणारा मासे बघतो. मागे जांभळट, ओबडधोबड दगडांचा ढीग असतो, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आता गंमत बघा, त्यातला एखादा मासा काढला तर टँकला काही होणार नाही, पण तो ढीग काढला तर काही दिवसांत मासे मरायला लागतील. या छंदातले लोक त्याला 'लाइव्ह रॉक' म्हणतात. मी जिवंत दगड म्हणतो.

दगड जिवंत कसा? प्रवाळ मेले की त्यांचे चुनखडीचे सांगाडे मागे उरतात. लाटा ते फोडतात, किडे पोखरतात, आणि आत भोकाभोकांची अक्षरशः चाळ तयार होते. मग भाडेकरू येतात. स्पंज, शेवाळ, किडे, खेकड्याची पिल्लं आणि अगणित बॅक्टेरिया. बाहेरच्या गॅलरीत, जिथे ऑक्सिजन भरपूर असतो, तिथले बॅक्टेरिया माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया घेतात, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आतल्या अंधाऱ्या खोल्यांत ऑक्सिजन पोचत नाही. तिथे वेगळे भाडेकरू असतात. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. घाण खरोखर टँकबाहेर जाते, आणि फिल्टरचा एक स्क्रूसुद्धा लागत नाही.

हे कळायला माणसाला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला, आणि आजची गोष्ट खरं तर त्या शंभर वर्षांची आहे.

सुरुवात लंडनमध्ये. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणले. पंप नाही, वीज नाही. मग पाण्यात हवा मिसळायची कशी? तर त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची. अर्धा-पाऊण तास, रोज! पुढे बाईंनी त्यात समुद्री वनस्पती ठेवल्या आणि त्यांचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले. इतिहासात बाईंचं नाव राहिलं. पाणी ओतणाऱ्या मुलीचं नाव मला कुठे सापडलं नाही, आणि माझ्या मते जगातला पहिला एअर पंप तीच होती.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडला अक्षरशः वेड लागलं. लोक बादल्या घेऊन किनाऱ्यावर धावले. परिणाम काय झाला, ते गॉस यांच्याच मुलानं, एडमंडनं, १९०७ च्या आठवणींत लिहून ठेवलंय. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली खडकांमधली भरलेली डबकी हौशी लोकांनी ओरबाडून रिकामी केली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

त्यानंतर बराच काळ खाऱ्या पाण्याची टँक म्हणजे माशांचं हॉस्पिटलच होतं. १९५० च्या दशकातली टँक डोळ्यांसमोर आणा. तळाला खडी, खडीखाली फिल्टर, आणि शोभेला प्रवाळाचे पांढरेशुभ्र सांगाडे. शेवाळ आलं की सांगाडे बाहेर काढायचे, ब्लीचमध्ये बुडवायचे, चकचकीत करून परत ठेवायचे. म्हणजे चाळ होती, पण दर थोड्या दिवसांनी भाडेकरूंना मारून टाकायचं. टँक स्वच्छ दिसायची आणि मासे टिकायचे नाहीत.

हे चित्र बदललं ते इंडोनेशियातून. जकार्तातले ली चिन एंग यांनी १९६१ साली 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्राचं पाणी, खिडकीतून येणारं ऊन, थोडे हवेचे बुडबुडे आणि समुद्रातून आणलेले जिवंत दगड. बस्स. फिल्टर नाही. आणि त्यांच्याकडे प्रवाळ जगत होते, तेव्हा भल्याभल्यांना न जमलेली गोष्ट.

मग युरोप-अमेरिकेत लोकांनी नक्कल करून पाहिली. बहुतेकांची फसली. ली यांच्या दारात उष्ण कटिबंधाचा सूर्य होता आणि समुद्र जवळ होता. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दगडातलं अर्धं बिऱ्हाड मेलेलं असायचं आणि टँकमध्ये टाकलं की तेच सडायचं. सडका लाइव्ह रॉक कसा वास मारतो, ते ज्याला माहीत आहे तो आत्ता हेडफोन लावून हसत असेल. सुकट उन्हात नाही, बंद गाडीत ठेवल्यासारखा.

ते गणित सोडवलं बर्लिनच्या हौशी लोकांनी, १९७० च्या दशकात. भरपूर जिवंत दगड, प्रखर दिवे, जोराचा प्रवाह, आणि पाण्यातली सेंद्रिय घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर. याला आजही 'बर्लिन पद्धत' म्हणतात. त्यातल्या डिट्रिच श्ट्यूबर यांच्या टँकमधल्या एका प्रवाळाच्या फांद्या तुटून इतक्या घरांत गेल्या की ते प्रवाळ त्यांच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं.

दगडाबरोबर कोण येईल याचा मात्र भरवसा नाही. २००९ मध्ये इंग्लंडच्या न्यूके इथल्या मत्स्यालयात प्रवाळांचे लचके तोडलेले दिसायला लागले. गुन्हेगार सापडेना. शेवटी दगड एकेक करून काढले, तेव्हा जवळजवळ चार फूट लांबीचा बॉबिट जातीचा किडा निघाला. कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव बॅरी ठेवलं.

आता गॉसच्या मुलाकडे परत जाऊ. बर्लिन पद्धत जगभर पसरली तशी दगडाची मागणी वाढली आणि फ्लोरिडाच्या समुद्रातून दगड उपसणं सुरू झालं. असा दगड तयार व्हायला शेकडो, हजारो वर्षं लागतात, आणि समुद्रात तोच माशांचं घर असतो. १९९० च्या दशकात अमेरिकेनं तिथल्या समुद्रातून नैसर्गिक दगड काढणं टप्प्याटप्प्यानं बंद केलं. पण एक वाट ठेवली, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. समुद्रतळाचा तुकडा परवान्यावर घ्या, जमिनीवरच्या खाणीतला चुनखडीचा दगड तिथे टाका, वर्ष-दोन वर्षं थांबा, भाडेकरू राहायला आले की आपलाच दगड उचला. शेतीच ही.

आपल्याकडे हिशोब आणखी सरळ आहे. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणच्या पाण्यात स्नॉर्केलिंग करताना दिसणारे प्रवाळही त्यातच आले. मेलेला तुकडा बॅगेत टाकला तरी तो गुन्हाच.

म्हणून माझी टँक कोरड्या दगडावर आहे. पुण्यात, तीन फुटी, फक्त मासे, आता सहावं वर्ष. कोरडा दगड म्हणजे नव्या बिल्डिंगमधले रिकामे फ्लॅट. बाटलीतले बॅक्टेरिया टाकले, अमोनिया महिन्याभरात शून्यावर आला, आणि कागदावर सगळं छान होतं. दिसायला मात्र पहिलं वर्ष भयाण. दुसऱ्या महिन्यात तपकिरी धूळ, पाचव्यात हिरवे केस, मग ते जाऊन लाल चिकट थर. जिवंत दगडावर जागा आधीच भरलेली असते, इथे जो पहिला येईल तो मालक. एका मित्रानं त्याच्या जुन्या टँकमधल्या समुद्री गोगलगायी दिल्या. त्यांच्या शंखांवर जांभळं शेवाळ होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्या दगडावर मसुराच्या दाण्याएवढा पहिला जांभळा ठिपका दिसला.

दगड म्हाताराही होतो, हे दुकानदार सांगत नाहीत. भोकांत गाळ बसतो. पाण्यातलं फॉस्फेट चुनखडी शोषून घेते आणि पुढे हळूहळू परत सोडते, मग पाणी कितीही बदला, शेवाळ येतच राहतं. जुनी टँक अचानक बिघडते तेव्हा कारण बऱ्याचदा इथे असतं. मी दर महिन्याला छोट्या पंपानं दगडांवर जोराचा झोत मारतो. एवढा गाळ उडतो की तासभर मासे दिसत नाहीत.

तो मित्र या मे महिन्यात टँक बंद करतोय, बदली झाली. मासे तिघांनी वाटून घेतलेत. त्याच्या अकरा वर्षांच्या दगडासाठी आमच्या ग्रुपवर नऊ जणांनी नंबर लावलाय, प्रत्येकाला मुठीएवढा तुकडा मिळेल.