विजयदुर्गची थाप आणि जमखंडीची नारिंगी रेष

मागे एका वीकांताला आम्ही चौघं वसईहून गाडी काढून विजयदुर्गला गेलो होतो. किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' दाखवत मी छाती फुगवून सांगितलं, "१८६८ च्या ग्रहणात लॉकियरने इथूनच हेलियम शोधला!" मंडळी खूश. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं, की चक्क थाप मारली. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर इंग्लंडात होता. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, तीस वर्षांनी!

मग १८६८ ला आपल्या बाजूला कोण होतं? पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात (आता बागलकोट जिल्हा) लेफ्टनंट जॉन हर्शेल. प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलचा मुलगा. सोबत रॉयल सोसायटीची दुर्बीण आणि वर्णपटदर्शक. ऐन श्रावणातलं आभाळ, त्यामुळे ढगांनी छळलंच. पण खग्रास असताना ढग जरा फाटले आणि त्याने सूर्याच्या कडेवरच्या लाल ज्वाळेवर यंत्र रोखलं. इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा नाहीच! फक्त तीन ठळक रेषा: लाल, नारिंगी, निळी. म्हणजे ती ज्वाळा तापलेल्या विरळ वायूची. आज आपण त्याला प्लाझ्मा म्हणतो. त्याच दिवशी गुंटूरला फ्रेंच जानसेननेही ठळक रेषाच पाहिल्या.

लाल आणि निळी हायड्रोजनच्या. नारिंगी रेष हर्शेलने सोडियमची धरली. लॉगमध्ये ओळखीची एरर दिसली की आपण नाही का पुढे वाचायचं सोडून देत? तसंच. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. ढगांच्या फटीतून, घाईत, एवढा फरक मोजायचा म्हणजे... मला तरी त्याला दोष देववत नाही.

लॉकियरला घाई नव्हती. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने इंग्लंडातून, ग्रहणाशिवायच ज्वाळांच्या रेषा पकडल्या. नारिंगी-पिवळी रेष सोडियमची नाही हे त्यातूनच ठरलं. पुढे रेषा किती सरकल्या यावरून तो वायूचा वेगही काढायला लागला. पृथ्वीवर हेलियम रॅमसेला सापडला थेट १८९५ मध्ये.

१८९८ च्या त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी नायगमवाला जेऊरला वेध घेत होते. त्यांच्या पुण्याच्या वेधशाळेतली उपकरणं १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली.

असो. त्या तिघांना मेल टाकलीये. जमखंडीला कोण येतंय?