पुलोद
पुलोद : पुरोगामी लोकशाही दल. त्याला सरसकट ‘विरोधी आघाडी’ म्हणता येत नाही. ते १९८० मधील सरकारच्या बरखास्तीनंतरच खरे. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हा पुलोद सत्तेत होते. जनता पक्षातले समाजवादी आणि शेकाप यांच्या जोडीला जुने जनसंघीयही होते, त्यामुळे लोकशाही समाजवाद सगळ्यांना सारखाच पचला, असे मानू नये. रोजगार हमी कायदा याच काळात, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. औरंगाबादेत मात्र पुलोद आठवते ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरामुळे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितवस्त्या जळाल्या. ठराव कागदावरच राहिला. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. तेव्हाही मुख्यमंत्री पवारच होते.